अनावर मूल व आईबापांची शांति

(सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या आईबापांच्या सभेंत प्रमुख धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



महोत्सवाच्या वर्षीं धर्मगुरूनें सभेपुढें उभें राहावें, देवळाच्या पायाचा पहिला दगड कोणीं बसविला, घंटा कोठून आली, वर्गणी कोणीं व कशी जमविली, हें सांगावें व पूर्वजांचे उपकार स्मरावे, अशी आपल्याकडे रीत आहे. तें काम स्मरणिकेसाठीं आमच्याहून जाणतीं माणसें करीत आहेत. आम्हांस आज देवळाच्या मागल्या बांकाविषयीं बोलावयाचें आहे. त्या बांकावर एक आई आपल्या मुलासह दर रविवारीं बसत असे. एके रविवारीं ती तेथून उठून गेली, ती पुढें सात महिने आली नाहीं. ती आमच्यामुळें गेली.

२०२३ सालच्या सप्टेंबर महिन्यांतील तो रविवार होता. आठ वाजतांची मिस्सा चालू होती व देऊळ भरलेलें होतें. पवित्रीकरणाचा क्षण जवळ आला असतां मागून एक किंकाळी उठली. आठ वर्षांचा एक मुलगा दोन्ही कानांवर हात दाबून बांकावर लाथा झाडीत होता व आई त्यास कवटाळून धरूं पाहत होती. पुढल्या बांकांवरील माना एकामागून एक वळल्या. आम्हीं हात खालीं घेतले, क्षणभर थांबलों, आणि ध्वनिक्षेपकांतून म्हणालों कीं ज्यांना आपलें मूल आवरत नाहीं त्यांनीं कृपा करून त्यास बाहेर न्यावें.

हें आम्हीं ओरडून म्हटलें नाहीं. 'कृपा करून' हे शब्दहि त्यांत होते. आमचा स्वर शांत होता. मन मात्र शांत नव्हतें, आणि हा भेद मुलें व त्यांच्या आया तात्काळ ओळखतात. त्या माउलीनें मुलास उचलिलें आणि बाजूच्या दारानें ती निघून गेली. दार कुलुपबंद असल्यामुळें किल्ली येईपर्यंत तिला सर्वांच्या देखत तेथें उभें राहावें लागलें, हें आम्हांस मागाहून कळलें. त्यानंतर सात महिने ती आली नाहीं, आणि हें सांगतांना अधिक लाज वाटते, कीं सात महिने ती गोष्ट आमच्या ध्यानांतहि आली नाहीं.

पुढें जाण्यापूर्वीं एक खुलासा केला पाहिजे. पापनिवेदनांत ऐकलेला शब्द आम्ही कोठेंहि उच्चारीत नाहीं. तो आमच्याबरोबर मातींत जाईल. आज जें सांगत आहों तें त्या माउलीनें आपल्या ओटीवर, उघड्या दुपारीं, सासूच्या समक्ष सांगितलें, आणि तें सभेंत सांगावयास आम्हीं तिची व तिच्या यजमानांची अनुमति घेतली आहे. "सांगा फादर, नांव मात्र नको," एवढेंच तिचें म्हणणें होतें.

ईस्टरनंतर घरांस आशीर्वाद देत फिरत असतां आम्ही तिच्या दारीं पोंचलों. मुलगा वाडींत पाटाच्या कडेला बसून एका डब्यांतील पाणी दुसऱ्या डब्यांत व दुसऱ्यांतील पुन्हां पहिल्यांत ओतीत होता. तिनें पाणी दिलें, खुर्ची पुसली, कुशल विचारलें; तक्रारीचा एक शब्द काढिला नाहीं. मिस्सेला कां येत नाहीं, असें आम्हींच अधिकारवाणीनें विचारलें. तेव्हां ती हळूच म्हणाली, "फादर, त्या दिवशीं तो तुमच्यावर ओरडला नव्हता. कर्ण्यांतून मध्येंच जी शीळ निघते ना, ती त्याच्या कानांत दाभणासारखी शिरते."

ती शीळ आम्ही कैक वर्षें ऐकत होतों. मागल्या खांबावरचा कर्णा बिघडलेला होता, हें सर्वांस ठाऊक होतें, व सर्वांस त्याची संवय झाली होती. ज्यास ती संवय होऊं शकत नव्हती त्यास आम्हीं बाहेर काढिलें.

या मुलास स्वमग्नता, म्हणजे डॉक्टर ज्यास ऑटिझम म्हणतात ती अवस्था आहे. हें कळेपर्यंत त्या घरानें काय सोसलें तें ऐका. कोणीं दृष्ट काढावयास सांगितलें, कोणीं जंतांचें औषध दिलें, आणि जवळजवळ सर्वांनीं म्हटलें कीं आईनें लाड करून पोराला बिघडविलें. शिकलेल्या देशांतहि आईची सुटका नव्हती. १९४३ सालीं अमेरिकेंत बाल्टिमोर येथें लिओ कॅनर नांवाच्या डॉक्टरांनीं अशा अकरा मुलांचें वर्णन प्रसिद्ध केलें. त्यानंतर वीस-पंचवीस वर्षें मोठमोठे विद्वान सांगत राहिले कीं आईच्या मायेंत ऊब नसल्यामुळें मूल असें होतें. शिकागोचे ब्रुनो बेटलहाइम यांचा या मताचा ग्रंथ १९६७ सालीं निघाला व पुष्कळ गाजला. त्याच्या तीन वर्षें आधींच, १९६४ सालीं, बर्नार्ड रिमलंड या मानसशास्त्रज्ञानें, जो स्वतः अशा एका मुलाचा बाप होता, पुराव्यानिशीं मांडिलें होतें कीं याचें मूळ शरीराच्या घडणींत आहे, आईच्या वागण्यांत नाहीं. आज वैद्यकशास्त्र हेंच सांगतें, आणि आपल्या देशाच्या २०१६ सालच्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्यांतहि या अवस्थेचा स्पष्ट उल्लेख आहे. त्या विद्वानांनीं आईच्या थंडपणास दोष दिला, आपल्या आळींतल्यांनीं तिच्या लाडांस. दोष मात्र दोन्हीकडे आईचाच ठरला. आमच्या त्या रविवारच्या वाक्यांतहि दुसरें काय होतें?

सर्वच अनावर मुलें अशीं असतात असें आमचें म्हणणें नाहीं. एखाद्यास चंचलतेचा विकार असतो व तें क्षणभर एका जागीं ठरत नाहीं. एखादें उपाशी असतें, एखाद्याची झोंप अपुरी असते, एखाद्याच्या घरीं नवें भावंड आलेलें असतें, आणि एखादें निव्वळ हट्टी असतें, जसे आपण त्याच्या वयांत होतों. कारण कोणतें, हें पाहणें अवश्य आहे. परंतु कारण कोणतेंहि असो, मूल भडकलें असतां आईबापांनींहि भडकावें हा उपाय त्यांपैकीं एकासहि लागू पडत नाहीं.

तो कां लागू पडत नाहीं, हें समजून घेतल्यावांचून निर्धार टिकत नाहीं. म्हणून त्याविषयीं थोडें सविस्तर बोलूं. आपल्या देवळाबाहेरचें चित्र डोळ्यांपुढें आणा. मिस्सा सुटली आहे, फुगेवाला उभा आहे. मूल फुगा मागतें. आई नाहीं म्हणते. मूल रडतें, आई दरडावते. मूल किंचाळतें, आई त्याहून वरच्या सुरांत बोलते. मूल धुळींत लोळण घेतें. लोक पाहूं लागतात. आई चटकन पैसे काढून फुगा घेते, व एका निमिषांत शांतता होते. या शांततेची किंमत काय पडली? मुलास धडा मिळाला कीं रडून मिळत नाहीं तें लोळून मिळतें. आईसहि धडा मिळाला कीं नमतें घेतलें म्हणजे सुटका होते. पुढल्या रविवारीं आई नमत नाहीं, तर फाडकन थोबाडींत देते, आणि मूल गप्प बसतें. आतां आईस दुसरा धडा मिळाला कीं हात उचलला म्हणजे काम होतें. अशा रीतीनें दोघेंहि एकमेकांस एकेक पायरी वर चढवीत राहतात, आणि कांहीं महिन्यांनीं अशी वेळ येते कीं त्या घरांत साधें 'जेवावयास ये' हेंहि ओरडल्यावांचून ऐकूं येत नाहीं. अमेरिकेंतील ओरेगॉन राज्यांत जेरल्ड पॅटरसन नांवाच्या मानसशास्त्रज्ञानें आपल्या सोबत्यांसह लोकांच्या घरीं बसून आईबाप व मुलें एकमेकांशीं कशीं वागतात याच्या बारीक नोंदी घेतल्या, व १९८२ सालीं या चढाओढीवर ग्रंथ लिहिला. ज्या आजीबाईंनीं सुनानातवंडांचें घर पाहिलें आहे त्यांस तो ग्रंथ न वाचतांहि समजेल.

तेव्हां शांति म्हणजे नमतें घेणें नव्हे. फुग्याला नाहीं म्हटलें असेल तर तें नाहींच राहिलें पाहिजे. फक्त तें एकदांच, थोडक्यांत, खालच्या सुरांत म्हणावें, आणि मग वादळ जाईपर्यंत जवळ राहावें. वादळांत उपदेश करूं नये. त्या वेळीं मुलाच्या कानांत शब्द जातच नाहींत. आपला चेहरा व आपला आवाज तेवढा जातो.

संत मोनिकेचें चरित्र आपल्या माता-भगिनींस परिचित आहे. तिच्या अश्रूंविषयीं आम्ही धर्मगुरू दरवर्षीं ऑगस्टांत प्रवचन करितों. परंतु तिच्या दोन गोष्टी आमच्या प्रवचनांत फारशा येत नाहींत. पहिली अशी कीं तिचा नवरा पात्रिक हा अतिशय तापट होता, व तो संतापला असतां ती शब्दानें वा कृतीनें त्यास अडवीत नसे. तो निवला म्हणजे योग्य वेळ पाहून आपली बाजू समजावून देत असे. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. तरुण ऑगस्टिन पाखंडी मतांत शिरून घरीं आला तेव्हां मोनिकेनें प्रथम त्यास आपल्या पंक्तीस बसूं देण्याचें नाकारलें होतें. होय, मोनिकेनेंहि! पुढें एका स्वप्नानें तिचें मन वळलें व तिनें त्यास पुन्हां आपल्या ताटाशेजारीं घेतलें. हें ऑगस्टिननें स्वतः आपल्या आत्मनिवेदनांत लिहून ठेविलें आहे. पंक्तीस घेतलें म्हणून त्याचें मत तिनें मान्य केलें असें नाहीं. तोहि त्यानंतर जवळजवळ नऊ वर्षें त्याच मतांत राहिला. ३८७ सालच्या ईस्टरला त्याचा स्नानसंस्कार झाला, व त्याच सालीं मोनिका देवाघरीं गेली. मत न सोडलेल्या त्याच मुलास जेवावयास वाढणें, ही शांति आम्हांस तिच्या अश्रूंहून कठीण वाटते.

आतां कोणी म्हणेल, "फादर, ती संत होती. आम्ही दिवसभर राबून येतों, नऊच्या लोकलनें घरीं पोंचतों, आम्हांस कोठली एवढी शांति?" प्रश्न रास्त आहे. शांति ही ऐन वेळीं मनाचा निश्चय करून येत नाहीं. जिनिव्हाचे बिशप संत फ्रान्सिस द सालेस (१५६७ ते १६२२) हे आज सौम्यतेचें उदाहरण म्हणून सांगितले जातात, परंतु ते स्वभावानें तापट होते व रागास आवर घालावयास त्यांस वर्षानुवर्षें झटावें लागलें. शांतीची तजवीज आधीं करावी लागते, जशी पावसाळ्यापूर्वीं सरपणाची करितात.

ही तजवीज कशी करावी तें आम्ही ग्रंथांत शिकलों नाहीं, त्या ओटीवर शिकलों. त्या माउलीनें पाहून ठेविलें होतें कीं मुलाचीं बहुतेक वादळें संध्याकाळीं सहा ते साडेसातच्या दरम्यान होतात. पंप चालू असतो, पाहुणे येतात, पोटांत भूक असते, आणि त्यांतच जपमाळेची वेळ होते. तिनें त्याचें जेवण जपमाळेच्या आधीं ठेविलें. कोठें जावयाचें असेल तर ती त्यास अगोदर तीनदां सांगते व जागेचें चित्र दाखविते. तो भडकला कीं ती त्याच्या उंचीवर खालीं बसते, एकच वाक्य बोलते, व गप्प राहते. आणि तिची स्वतःची सहनशक्ति संपत आली म्हणजे ती सासूकडे पाहून म्हणते, "मोगऱ्याला पाणी घालावयाचें राहिलें." हा त्या दोघींचा ठरलेला शब्द आहे. सासू कांहीं न विचारतां मुलापाशीं येऊन बसते, आणि ही मोगऱ्याकडे जाते. "त्या मोगऱ्याला पाणी जरा जास्तच होतें फादर," असें सासूबाई हंसून म्हणाल्या. दहा मिनिटांनीं ती परत येते. घरोघरीं असा एक शब्द असावा, व तो उच्चारल्यावर 'आतां काय झालें?' असें कोणीं विचारूं नये.

त्या दुपारीं तिनें आणखी एक गोष्ट सांगितली, आणि ती सांगतांना तिचा आवाज प्रथमच कांपला. एकदां, फार थकलेली असतां, तिनें मुलास मारलें. रागाच्या भरांत कांहीं शब्दहि बोलली. मुलगा रडला नाहीं. दुसऱ्या दिवशीं तिनें पाहिलें तों तो शेळीच्या पिलास तसेंच मारीत होता, आणि मारतांना तिचेच शब्द, तिच्याच सुरांत, म्हणत होता. "त्याला बोलतां येणारे शब्द मोजकेच आहेत फादर, आणि त्यांत ते माझे आले." तिनें काय केलें? ती त्याच्यापुढें बसली व म्हणाली, 'आई चुकली.' तें त्यास कितपत समजलें, तिला ठाऊक नाहीं. पण अजूनहि ती चुकली कीं तसें म्हणते, आणि अलीकडे एखादी वाटी त्याच्या हातून पडून फुटली तर तोहि आपल्या छातीवर हात ठेवून तेच दोन शब्द म्हणतो. 'आई चुकली.' सासूबाईंना याचें हसूं येतें. आम्हांस आलें नाहीं.

मुलाजवळ चूक कबूल केली तर वडिलांचा मान जातो, अशी भीति पुष्कळांस वाटते, विशेषतः बापांस. आम्ही तर प्रत्येक मिस्सेच्या आरंभीं तुम्हां सर्वांच्या देखत छातीवर हात मारून आपण पापी असल्याचें सांगतों. त्यानें वेदीचा मान गेल्याचें आमच्या पाहण्यांत नाहीं. संत पौलानें इफिसकरांस व कलस्सैकरांस लिहितांना मुलांस चिडवूं नका अशी जी ताकीद दिली आहे ती बापांचें नांव घेऊन दिली आहे, हेंहि बापमंडळींनीं ध्यानांत घ्यावें. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनीं २०१६ सालीं कुटुंबांविषयीं जें पत्र काढिलें त्यांत त्यांनीं म्हटलें आहे कीं चुकलेल्या मुलास वळण अवश्य लावावें, परंतु त्यास शत्रु समजूं नये, किंवा आपला त्रागा त्याच्यावर काढूं नये.

'आमच्या वेळीं एक चापट पुरे होती,' असें म्हणणाऱ्या वडीलधाऱ्यांस आमचें नम्र सांगणें आहे. आम्हींहि शाळेंत छडी खाल्ली आहे. तिनें आम्हांस पाढे आले नाहींत. मास्तरांच्या चपलांचा आवाज मात्र दुरून ओळखूं येऊं लागला. शाळेंत आतां छडीस २००९ सालच्या शिक्षण हक्काच्या कायद्यानें मनाई आहे. घरांतील छडी कोणी पाहत नाहीं, एवढाच काय तो फरक.

आणि शेजाऱ्यांनीं काय करावें? मान वळवूं नये. पाहावयाचेंच असेल तर उठून त्या आईच्या हातची पिशवी घ्यावी, दुसरें मूल सांभाळावें. उपदेश तिला पुष्कळ मिळालेला असतो.

ज्यांस आपल्या मुलाच्या वागण्यांत कांहीं वेगळें आहे अशी शंका येते त्यांनीं लाजेनें दिवस काढूं नयेत. २०१३ सालीं सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमांत अंगणवाडींतील व सरकारी शाळांतील मुलांची तपासणी होते व पुढील उपचारांचा मार्ग दाखविला जातो, बालरोगतज्ज्ञांसहि विचारावें. आमच्याकडे लोक पवित्र पाणी मागावयास येतात. तें आम्ही आनंदानें देतों, पण त्याबरोबर डॉक्टरांच्या नांवाची चिठ्ठीहि देतों, आणि दोन्ही घेतल्यावांचून जाऊं देत नाहीं.

आतां त्या मागल्या बांकाविषयीं. त्या ओटीवर आम्हीं त्या माउलीची क्षमा मागितली. तिनें पदरानें डोळे पुसले व चहा ठेविला. त्याच आठवड्यांत मागल्या खांबावरचा कर्णा काढून टाकिला. त्यास एक पाना व पंधरा मिनिटें लागलीं. मुलगा आतां येतो. प्रवचनाला आरंभ झाला कीं तो उठून घंटेचा दोर पाहावयास बाहेर जातो. आमच्या प्रवचनाविषयीं त्याचें जें मत आहे तें इतरांचेंहि असावें, फक्त ते उठून जात नाहींत. गुरुवारीं दुपारीं, देऊळ रिकामें असतां, धर्मशिक्षिका बाई त्यास चित्रें दाखवून पहिल्या ख्रिस्तशरीराची तयारी करून घेतात. परवां त्यानें भाकरीच्या चित्रावर बोट ठेवून वेदीकडे पाहिलें, असें बाईंनीं सांगितलें.

मागले दोन बांक यापुढें अशा घरांसाठीं राखलेले आहेत. त्या बाजूस पंखाहि हळू ठेविला आहे. आणि बाजूच्या दाराची किल्ली आतां सांक्रिस्तानाच्या खिशांत नसते, ती शेवटल्या बांकाजवळच्या खिळ्यास टांगलेली आहे. ज्यांस लागेल त्यांनीं ती विचारल्यावांचून घ्यावी.